तापलेल्या ब्रेकची परीक्षा

आमच्या केंदूरला घाट नाही. शिरूर तालुक्याच्या या टोकाला माळ आहे, चार टेकड्या आहेत, थिटेवाडीचं धरण आहे, कान्हूराज महाराजांचं देऊळ आहे. पण ट्रकचा ब्रेक तापावा असा उतार गावच्या शिवारात कुठे नाही. आम्हाला घाट दाखवला तो कांद्याने. माल चाकणला किंवा मंचरला उतरला तर प्रश्न नसतो. वाशीला पाठवायचा म्हटलं की गाडी लोणावळ्याला जाते, खंडाळ्याला जमीन संपते आणि खोपोलीपर्यंत नुसता उतार. मी आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून त्या उताराला लागलो, आणि पुढे नोकरीची बहुतेक वर्षं गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात काढली. काम एकच: भरलेली गाडी घाटात घालायची आणि तिचे ब्रेक कधी दगा देतात ते शोधायचं.

निवृत्त झाल्यावर पारावर बसलं की लोक विचारतात, ‘दादा, नवीन गाडीचे ब्रेक फेल होतातच कसे?’ पेपरात तसंच छापून येतं ना. 4 जुलै 2023 रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला एक कंटेनर घाट उतरून आला, वाटेतल्या गाड्यांना धडकला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. दहा माणसं गेली. बातमीचा मथळा: ब्रेक फेल. वाचणाऱ्याला वाटतं, कुठलीतरी नळी फुटली असेल, हवा गेली असेल. नशीब, दुसरं काय.

हवेचं आधी सांगतो, कारण गैरसमज तिथेच आहे. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, पेडल दाबलं की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, चेंबरचा दांडा बाहेर येतो, स्लॅक नावाचा जोडलेला हात फिरवतो, त्याने आतला कॅम फिरतो, आणि ड्रमच्या आतले दोन शू फाकून त्यांच्यावरचे लायनर ड्रमला घासतात. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये याशिवाय एक दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. तिला दाबून धरते तीही हवाच. म्हणजे हवा खरोखर संपली तर स्प्रिंग सुटते आणि मागचे ब्रेक आपोआप लागतात. हवा गेलेली गाडी पळत नाही, जागेवर रुतून बसते. हायवेवर मधल्या लेनमध्ये अडकलेला ट्रक पुष्कळदा याच कारणाने अडकलेला असतो. मग घाटात सुसाट सुटते ती गाडी कोणती? जिच्या टाकीत हवा आहे, पेडल तळाला टेकलंय, ड्रायव्हर त्यावर जवळजवळ उभा राहिलाय, आणि तरी काही होत नाही. तिचं एकही नटबोल्ट तुटलेलं नसतं. तिचे ब्रेक तापलेले असतात.

किती तापतात, याचा हिशेब शाळेतल्या पोरालाही करता येईल. 2018 साली केंद्र सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकी ट्रक 25 टनांवरून 28.5 टनांवर गेला. असा भरलेला ट्रक शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावरून ताशी 30 किलोमीटरने खाली येत असेल, तर उतार त्याला सुमारे 140 किलोवॅटच्या जोराने पुढे ढकलत असतो. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या सदतीस-अडतीस मोटारी एकदम चालू केल्या तर जेवढी ताकद होईल, तेवढी. थोडी टायरच्या घर्षणात जाते, थोडी वारा खातो. उरलेली एक तर इंजिनाने अडवायची, नाही तर ब्रेकने. आणि ब्रेक ती अडवतो म्हणजे काय करतो? तिची उष्णता करतो. दुसरं काही त्याला येतच नाही.

ही उष्णता ड्रममध्ये साठते. ड्रम ओतीव लोखंडाचा, आतून साधारण 410 मिलिमीटर व्यासाचा. तो तीनशे अंशांनी तापला की व्यास सव्वा ते दीड मिलिमीटरने वाढतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण ड्रम शूपासून लांब गेला, की तेवढं अंतर भरून काढायला चेंबरच्या दांड्याला आणखी बाहेर यावं लागतं, आणि मधल्या कॅममुळे ते अंतर कितीतरी पटींनी वाढून दांड्यावर येतं. दांड्याची सगळी चाल साठ मिलिमीटरच्या आसपास. लायनर आधीच झिजलेलं, स्लॅक ढिला, चाल अर्धीअधिक खाल्लेली. त्यात तापलेल्या ड्रमने आणखी घेतली, की दांडा चेंबरच्या तळाला जाऊन टेकतो. मग तुम्ही कितीही जोराने दाबा, लायनरवर जोर येत नाही. त्याच वेळी लायनरमधलं रेझिन जळायला लागतं, वायू सुटतो, घासण्याची पकड कमी होते. घाटात जळका, आंबूस वास येतो तो हाच. तो वास आला म्हणजे इशारा मिळाला नाही, उशीर झाला.

म्हणून गाडीच्या ब्रेकची परीक्षा दोनदा घ्यावी लागते: एकदा थंड, एकदा गरम. हे काही मी शोधलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या ब्रेकसाठी नियम क्रमांक 13 आहे, आणि आपलं भारतीय मानक आयएस 11852 त्याच धर्तीवर बांधलेलं आहे. नव्या मॉडेलला बाजारात येण्याआधी या परीक्षा द्याव्या लागतात. आपल्याकडे हे काम करणारी मोठी संस्था म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, 1966 साली सुरू झालेली. नगरला व्हीआरडीई आहे, लष्करी गाड्यांसाठी. केंदूरहून शिक्रापूरला आलं की नगरचा रस्ता सरळ तिकडेच जातो.

थंड परीक्षा सोपी. भरलेली गाडी सपाट, कोरड्या ट्रॅकवर ताशी 60 ला न्यायची, ड्रम शंभर अंशांच्या खाली आहेत याची खात्री करायची, इंजिन सोडवून फक्त पायाच्या ब्रेकने थांबवायची. जड ट्रक सुमारे 37 मीटरमध्ये थांबला पाहिजे. पायाचा जोरही मोजतात. 700 न्यूटनपेक्षा जास्त चालत नाही, कारण प्रत्येक ड्रायव्हर काही पैलवान नसतो.

मग येते दमवणारी परीक्षा. 60 वरून 30 वर आणायची, पुन्हा 60 ला न्यायची, पुन्हा 30 ला आणायची. दर मिनिटाला एकदा, असं वीस वेळा. सातव्या-आठव्या खेपेपासून पेडल पायाखाली बदलत जातं ते कळतं. शेवटी लगेच, गार होऊ न देता, पूर्ण ब्रेक.

आणि तिसरी, आमच्या लाडाची: उताराची. सहा टक्के उतार, सहा किलोमीटर, ताशी 30. तो संपला की त्याच तापलेल्या ब्रेकने गाडी 60 वरून थांबवून दाखवायची. इथे मालट्रकला सुमारे 51 मीटर दिलेले आहेत. नीट बघा: थंड असताना 37, गरम असताना 51. नवी कोरी, सगळं जागच्या जागी असलेली गाडीसुद्धा घाट उतरल्यावर 14 मीटर पुढे जाऊन थांबेल, हे नियमानेच मान्य केलंय. 14 मीटर म्हणजे एसटीच्या एका गाडीपेक्षा जास्त. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून घाट उतरणाऱ्यांनी हा आकडा डॅशबोर्डवर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट माझी मीच काढलेली, पण साधी आहे. सहा टक्क्यांनी सहा किलोमीटर म्हणजे उंचीचा फरक 360 मीटर. खंडाळ्यापासून खोपोली साधारण 500 मीटर खाली आहे. म्हणजे ज्या परीक्षेत गाडी पास झाली, त्यापेक्षा आपला रोजचा बोरघाट मोठा आहे.

एवढा लांब उतार ट्रॅकवर बांधणं परवडत नाही, म्हणून नियमात सवलत आहे: सपाटीवर ब्रेक लावलेली गाडी ओढून तेवढीच उष्णता निर्माण करता येते. कागदाला ते पुरतं. आमच्या साहेबांना पुरत नसे, आणि मला ते आवडायचं. ट्रॅकवर वळण नसतं, समोरून येणारी एसटी नसते, धुकं नसतं. म्हणून आम्ही गाडी खऱ्या घाटात घालायचो. कधी बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने, कधी वरंध्याला, कधी आंबोलीला. पहाटे निघायचं. माल म्हणून वाळूच्या गोण्या किंवा लोखंडी वजनं, आणि आधी काट्यावर एकेक ॲक्सल वेगळा तोलून घ्यायचा. प्रत्येक चाकाच्या लायनरमध्ये बारीक भोक पाडून तापमान मोजणारं थर्मोकपल बसवलेलं असे, त्याच्या वायरी चासीवरून केबिनमध्ये आणलेल्या. शेजारच्या सीटवर इंजिनियर, मांडीवर रेकॉर्डर. तो आकडे पुकारणार, मी गाडी चालवणार. त्याने रस्त्याकडे बघायचं नाही, मी आकड्यांकडे बघायचं नाही, असा करार.

एका खेपेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वरंधा उतरत होतो. इंजिनियर पोरगा पुकारत होता: दोनशे दहा, दोनशे चाळीस, दोनशे ऐंशी. मध्येच थांबला. म्हणाला, ‘काका, मागचं डावं चाक ऐंशीलाच आहे. वायर तुटली वाटतं.’ मी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांना दगड लावले, खाली उतरून मागच्या चारही ड्रमजवळ हाताचा मागचा भाग नेला. टेकवला नाही, नुसता जवळ नेला. तीन ड्रमची धग वीतभर अंतरावरून लागत होती. डावा मागचा कोमट. वायर शाबूत होती. कॅमचा शाफ्ट बुशमध्ये गंजून अडकला होता. हवा जात होती, पण शू हलत नव्हते. चाकाने काम सोडलं होतं आणि त्याच्या वाटणीची उष्णता उरलेल्या चाकांनी घेतली होती. सपाटीवर ही गाडी झकास थांबत होती, कोणाला काही कळलंही नसतं. त्या दिवसापासून मी शिकवताना पहिलं हेच सांगत आलो: गरम ड्रमला घाबरू नका, गार ड्रमला घाबरा.

आता पासिंगचं. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी गाडी योग्य असल्याचा दाखला घ्यावा लागतो. ब्रेकची चाचणी 250 मीटरच्या ट्रॅकवर झालीच पाहिजे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि पुण्याच्या जड गाड्यांसाठी तो ट्रॅक दिव्याला आहे, दिवे घाटाच्या माथ्यावर. त्याआधीच्या काळात पासिंग कसं उरकलं जायचं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आदेशाची किंमत कळेल. आता तर रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजणारी यंत्रं आली आहेत. माझं वरंध्याचं चाक रोलरने तिथल्या तिथे पकडलं असतं. तरीही ही सगळी परीक्षा थंड आणि बहुतेक रिकाम्या गाडीची. रिकामी गाडी थंड ब्रेकने थांबते, यात गाडीचं कौतुक ते काय? दाखला खोटा नसतो. तो घाटाविषयी काही बोलतच नाही एवढंच. 2015 पासून जड गाड्यांना एबीएस आलं, तेही उपयोगाचं आहे, पण ते चाक घसरू देत नाही. तापलेल्या लायनरला ते काही करू शकत नाही.

मग उतार अडवायचा कशाने? इंजिनाने. माझे उस्ताद म्हणायचे, ‘ज्या गिअरला चढलास, त्याच गिअरला उतर.’ हल्लीच्या गाड्यांना मी एक गिअर आणखी खाली सांगतो, कारण नव्या गाड्या वाऱ्याला आणि टायरला कमी अडखळतात. डिझेल वाचतं ते त्यामुळेच, पण उतारावर तेच अंगावर येतं. गिअर घाटमाथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी घालायचा. मधेच पाडायला गेलात आणि गिअर बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये गेली, मग परत काही बसत नाही. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण असेल तर ते दाबून ठेवायचं. डॅशबोर्डच्या शोभेला दिलेलं नाही ते.

इंजिनालाच ब्रेक करायची कल्पना ज्याला सुचली त्याची हकीकत मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचा माणूस, डिझेल इंजिनवाल्या कमिन्स कंपनीचा संस्थापक. 1931 साली डिझेल ट्रकची जाहिरात म्हणून देशभर ट्रक पळवत होता. कॅलिफोर्नियात केहोन खिंड उतरताना ब्रेक संपले, खाली रेल्वे फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली. गाडी निघून गेली आणि ट्रक थोडक्यात वाचला. त्या भीतीचं त्याने पुढे यंत्र केलं: उतारावर इंजिनाने दाबलेली हवा ऐनवेळी बाहेर सोडायची, म्हणजे इंजिन गाडीला ढकलायच्या ऐवजी धरून ठेवतं. 1961 साली जेकब्स कंपनीने ते बाजारात आणलं. कारखान्याच्या मालकालाही घाटातच अक्कल आली म्हणायची.

आणि आमच्याकडे काय? डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका ट्रकने पुढच्या गाड्यांची रांगच्या रांग उडवली. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आल्याचं तेव्हा छापून आलं. इंजिन बंद म्हणजे इंजिनाची अडवणूक गेली, कॉम्प्रेसर थांबला, स्टिअरिंग जड झालं. सगळा भार चार-सहा ड्रमवर. मी ड्रायव्हरची बाजू घेणारा माणूस आहे, पण इथे नाही. मात्र जो मालक ट्रिपमागे डिझेलचा आकडा बांधून देतो आणि त्यावर गेलं तर पगारातून कापतो, त्याला मोकळं सोडायलाही मी तयार नाही. मीही एका मालकाकडे तसं काम केलंय, आणि न्यूट्रलचा मोह काय असतो ते मला कोणी सांगायला नको.

बोरघाटात रस्त्याशेजारून रेल्वे जाते, तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. ती लाइन 1863 ची, उतार 37 ला एक, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. रस्त्याच्या मानाने सौम्यच. तरी 1869 साली एका मेलगाडीचे ब्रेक निकामी होऊन घाटात मोठा अपघात झाला. आज कर्जतकडे उतरणारी गाडी मंकी हिलला, ठाकूरवाडीला थांबते ती प्रवाशांसाठी नव्हे, ब्रेकच्या खात्रीसाठी. शिवाय तिथे चढावर जाणारा एक वेगळा फाटा ठेवलेला आहे; गाडी आवरली नाही तर ती त्या चढावर जाऊन थांबावी म्हणून. रस्त्याला याच धर्तीची सोय म्हणजे भुसभुशीत खडीची आडवाट, सुटलेला ट्रक तिच्यात घुसला की चाकं रुतून थांबतो. पाश्चात्त्य देशांत लांब उतारांवर त्या सर्रास दिसतात. आपल्या घाटांत वडापावच्या गाड्यांना जागा सापडते, तर यालाही सापडायला हरकत नसावी. आणि प्रत्येक मोठ्या घाटाच्या माथ्यावर जड गाड्यांनी थांबायलाच हवं अशी पक्की जागा हवी, रेल्वेसारखी.

ती होईल तेव्हा होईल. तोवर ड्रायव्हर बंधूंनो, माथ्यावर आपणच थांबा. हवेचा काटा पूर्ण वर आलाय का बघा. चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, क्लीनरला पेडल दाबून धरायला सांगा आणि खाली वाकून प्रत्येक दांडा किती बाहेर येतो ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा लांब आला तर तो स्लॅक आधी टाइट करून घ्या. उतरताना पाय पेडलवर ठेवून घासत राहू नका. वेग ठरवलेल्या आकड्याला पोचला की एकदा दमदार दाबा, आठ-दहाने खाली आणा, सोडा. थोडक्या हवेने सतत घासलं तर काही चाकं सगळा मार खातात आणि काही नुसती फिरतात. जोरात दाबलं की सगळी कामाला लागतात. खाली पोचल्यावर थांबून ड्रमपाशी हात नेऊन बघा, नाही तर तापमान दाखवणारी गन घ्या, फार महाग नसते. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, ओतीव लोखंड तडकतं.

शेतकरी बंधूंनाही एक विनंती. भाड्यात बसतंय म्हणून शेवटच्या पंधरा-वीस गोण्या वर चढवायला लावता, त्यांचं वजन एक टनाच्या घरात जातं, आणि खंडाळ्याच्या उताराला ते टनही ब्रेकनेच अडवायचं असतं. पहाटेचा बाजार गाठायचा म्हणून ड्रायव्हरला फोनवर फोन करू नका. सहा किलोमीटरचा उतार ताशी 30 ने उतरला तर 12 मिनिटं लागतात, 45 ने उतरला तर 8. फरक चार मिनिटांचा आहे.